ईयोबाचा प्रश्न आणि देवाचे उत्तर

ईयोब हा बायबलच्या जुन्या करारातील एका ग्रंथाचा नायक असून ग्रंथही त्याच्याच नावाने ओळखला जातो. माणसाने देवाला एक विचारावे आणि देवाने वेगळेच काही सांगावे, हा ख्रिस्ती श्रद्धेतला जुना अनुभव आहे. बायबलच्या दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात तो इतक्या विस्ताराने व इतक्या धीटपणे मांडलेला नाही. मूळ ग्रंथ हिब्रू भाषेत, 42 अध्यायांचा आहे. आरंभीचे दोन अध्याय आणि अखेरचा थोडा भाग गद्यात असून मधला सारा ऐवज पद्यात आहे. बहुतेक अभ्यासक त्याची रचना इ. स. पू. सहाव्या ते चौथ्या शतकाच्या दरम्यान झाली असे मानतात.

ईयोब ऊस देशातला सज्जन, देवभीरू गृहस्थ. त्याला सात मुलगे, तीन मुली. सात हजार मेंढरे, तीन हजार उंट. हा माणूस काही मिळते म्हणूनच देवाला भजतो, असा आक्षेप स्वर्गातील दरबारात सैतान घेतो आणि देव त्याची परीक्षा होऊ देतो. एका दिवसात गुरेढोरे जातात, घर कोसळून मुले मरतात. पुढे अंगभर गळवे उठतात आणि ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागतो. अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन मित्र भेटीला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. या मित्रांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. त्यानंतर ते बोलू लागतात.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पेरावे तसे उगवते. दुःख आले त्या अर्थी पाप घडले असले पाहिजे. ते कबूल कर, देव दया करील. हे बोलणे दुष्टपणाचे नाही. त्यातले पुष्कळसे बायबलच्या नीतिसूत्रांतही सापडते. पण ईयोबाला आपल्या हातून असे काही घडलेले नाही हे पक्के ठाऊक आहे आणि मित्रांची समजूत राखण्यासाठी तो खोटी कबुली द्यायला तयार नाही. मी जन्मताच का मेलो नाही? देवाने मलाच निशाण का केले? दुर्जन म्हातारे होईपर्यंत सुखात कसे जगतात? हळूहळू त्याची भाषा फिर्यादीची होत जाते. देव आणि आपण यांच्यामध्ये उभा राहील असा मध्यस्थ तो मागतो. एकतिसाव्या अध्यायात तो शपथेवर आपले निर्दोषत्व सांगतो, त्यावर सही करतो आणि आता सर्वसमर्थाने उत्तर द्यावे, अशी मागणी करतो. मधेच अलीहू नावाचा तरुण सहा अध्याय बोलून जातो. त्याला पुढे कोणीच उत्तर देत नाही.

अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो. ईयोबाला आरोपपत्र हवे होते. ते मिळत नाही. स्वर्गातल्या त्या पैजेचा उल्लेख देव करीत नाही, आणि ईयोबाला ती अखेरपर्यंत कळत नाही. तू पापी आहेस असेही देव म्हणत नाही. उलट तोच प्रश्न विचारू लागतो : मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? समुद्राला दारे कोणी लावली? या भाषणातला समुद्र नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा उसळत बाहेर येतो. देव त्याला ढगांचे वस्त्र आणि दाट अंधाराचे बाळोते गुंडाळतो, मग त्याला हद्द घालून देतो. जिथे माणसाची वस्तीच नाही अशा ओसाड रानात पाऊस पडतो. सिंहीण शिकारीवर जाते, कावळ्याची पिले भुकेने ओरडतात, डोंगरातल्या बकऱ्या वितात. रानगाढव शहराच्या गोंगाटाला हसते, रानबैल कोणाच्या नांगराला जुंपला जात नाही. शहामृगी अंडी धुळीत टाकून पळते, तरी घोड्याला मागे सारते. पुढे बेहेमोथ व लिव्याथान हे दोन अजस्र प्राणी येतात आणि त्यांचेही वर्णन देव कौतुकाने करतो.

या यादीतला जवळजवळ एकही प्राणी माणसाच्या उपयोगाचा नाही. मित्रांच्या जगात सारा हिशोब माणसाच्या पापपुण्याभोवती फिरत होता, आणि ईयोबाची तक्रारही त्याच हिशोबातली होती. देवाच्या उत्तरात त्या खातेवहीला जागाच नाही. सृष्टी फार मोठी, रानटी आणि देवाच्या ममतेने भरलेली दिसते. ईयोबाचे दुःख तिच्यात नाकारले जात नाही, पण ते शिक्षा म्हणूनही उरत नाही. ईयोबाला कारण मिळाले नाही. ज्याला तो हाका मारीत होता तो भेटला. आजवर ऐकून माहीत असलेला देव आता आपण पाहिला, असे तो म्हणतो आणि फिर्याद मागे घेतो.

हे उत्तर म्हणजे बलवंताने दुबळ्याला दिलेला दम होय, असे वाचन पुष्कळांनी केले. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1952 साली या देवावर एक घणाघाती पुस्तकच लिहिले. मात्र बेचाळिसाव्या अध्यायातला निवाडा त्या वाचनात नीट बसत नाही. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असे देव अलीफजला सुनावतो आणि देवाची बाजू लढवणाऱ्या मित्रांनाच ईयोबाकडून प्रार्थना करवून घ्यावी लागते. प्रश्न विचारणारा खरा ठरतो, देवाची वकिली करणारे खोटे ठरतात. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1791 च्या निबंधात नेमका हाच मुद्दा उचलला होता : ईयोबाची सचोटी मित्रांच्या धार्मिक खुशामतीपेक्षा थोर.

चर्चच्या परंपरेत ईयोबाचा धीर अधिक गाजला. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात त्याचा तसा उल्लेख आहे. पोप ग्रेगरी पहिले यांनी सहाव्या शतकात या ग्रंथावर 35 खंडांचे भाष्य लिहिले. धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी 1554-55 मध्ये जिनिव्हात त्यावर 159 प्रवचने दिली. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएर्रेझ यांनी 1986 साली लॅटिन अमेरिकेतील गरिबांच्या बाजूने हा ग्रंथ वाचला. आपल्या दुःखाबद्दल बोलता बोलता ईयोब चोविसाव्या अध्यायात नागवल्या गेलेल्या गरिबांबद्दल बोलू लागतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ते वाचन आजही महत्त्वाचे वाटते.

येशूची उत्तरेही याच वळणाची आहेत. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. सिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे तो स्पष्ट सांगतो. माझा शेजारी कोण, असे शास्त्री विचारतो. येशू शोमरोनी माणसाची गोष्ट सांगून त्यात शेजारी कोण ठरला, हे उलट विचारतो. आणि वधस्तंभावर, देवाने आपल्याला का सोडले, ही हाक त्याने स्वतः मारली, तेव्हा आकाशातून शब्द आला नाही. ख्रिस्ती श्रद्धा त्या हाकेचे उत्तर तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानात पाहते.

दुष्काळात आई, वडील व बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले; ईयोबही अर्थातच त्यात आहे. शोकाच्या घरी या ग्रंथातले पहिल्या अध्यायातले शरणागतीचे वाक्य तेवढे वाचण्याची पद्धत आहे. वाचकाने तिथे थांबू नये. तिसऱ्या अध्यायापासूनचा संताप वाचावा आणि मगच अडतिसावा अध्याय उघडावा.