न्हाण्याचा वार

केस कसे धुवावेत हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात आली असेल. माझे शालेय शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, कामगारांचे तक्रारअर्ज लिहून झाल्यावर. त्या वाचनात एक गोष्ट ध्यानात आली. लढायांना जसा इतिहास आहे, तसा डोक्यावरून पाणी घेण्यालाही आहे. आणि त्याचा संबंध साबणापेक्षा सवडीशी अधिक आहे.

माझी आई शेतमजुरी करी. तिचे डोक्यावरून न्हाणे बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी कामाला सुट्टी. आदल्या रात्री ती शिकेकाईच्या शेंगा भिजत घाली, सकाळी उकळून ते पाणी गाळून घेई, आणि न्हाऊन झाल्यावर ओसरीवर बसून केस वाळवी. यात निम्मा दिवस जाई. उरलेले सहा दिवस घाम आणि धूळ यांसह ते केस पदराखाली बांधलेले असत.

आईची ती रीत शास्त्रालाही पटण्यासारखी होती. शिकेकाईत व रिठ्यात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्याला फेस आणते आणि केसांचा तेलकट मळ सोडवते. कपड्यांच्या साबणाचे तसे नाही. विहिरीच्या जड पाण्यात चुन्याचे क्षार असतात. त्यांच्याशी साबण मिळाला की चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो आणि केस राठ होतात.

आज घरोघरी शाम्पू आहे. तो शब्दही मूळचा आपल्याकडचाच. पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढले. तेथे अंग चेपून देण्याला ‘शाम्पू’ म्हणत. हिंदीतील ‘चाँपना’पासून तो शब्द गेला. केस धुण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

पण शिकेकाई असो वा शाम्पू, न्हाण्याला वार हवा. तो वार मुंबईच्या गिरणी कामगारांना फुकट मिळाला नाही. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चाले आणि सुट्टीच्या नावाखाली यंत्रे पुसण्यात अर्धा दिवस जाई. बायकाही त्याच कापसाच्या धुरळ्यात राबत. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि 5,500 सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची पूर्ण सुट्टी ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. 1948 च्या कारखाना कायद्याने तर कामाच्या जागी धुण्याची सोय, आणि स्त्रियांसाठी ती वेगळी व आडोशाची असावी, असेही लिहून ठेवले.

आता आपल्या ऊसपट्ट्याकडे पाहा. हा कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंत आला, फडापर्यंत आला नाही. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. तोडणीच्या हंगामात ती बाई पहाटे अंधारात उठते, दिवसभर पाचट आणि उसाची कूस डोक्यावर घेते, मोळ्या वाहते. कोपीशेजारी न्हाणीला आडोसा म्हणजे चार काठ्या आणि एक जुने लुगडे. तिने केस धुवावेत केव्हा आणि वाळवावेत केव्हा? तिच्या डोक्यात उवा झाल्या की आपण तिला अस्वच्छ म्हणतो. मी म्हणतो, तिचा रविवार अजून कुणी लढून आणलेला नाही.

तेव्हा नीट धुणे म्हणजे काय, ते सांगून थांबतो. केस निर्जीव असतो, जिवंत असते ती त्वचा. म्हणून नखांनी न खरवडता बोटांच्या टोकांनी टाळू चोळावी. पाणी कोमट घ्यावे. शिकेकाई डोळ्यांत जाऊ देऊ नये. जे लावाल ते भरपूर पाण्याने पुरते काढावे. ओले केस ओढून विंचरू नयेत, ओलेच घट्ट बांधू नयेत. दुसऱ्याचा कंगवा वापरू नये. घाम आणि धूळ अधिक, तर न्हाणेही अधिक वेळा.

यातली एकही गोष्ट महाग नाही. लागते ते पाणी, आडोसा आणि रिकामा वेळ. ज्यांच्याकडे ही तिन्ही आहेत त्यांनी आजच न्हावे; आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी मागणी लिहायला बसाल, तेव्हा मजुरीच्या दराखाली ही तीन कलमेही घालावीत, एवढीच माझी विनंती आहे.