लढाईवरच्या माणसाला खुशालीचे पत्र

होळकर पूल ओलांडला की आपले येरवडा संपते आणि खडकीचा लष्करी मुलूख लागतो. बॉम्बे सॅपर्सचे ठाणे तेथे फार जुने. त्यामुळे फौजेतल्या माणसाला पत्र धाडणे, डबा धाडणे हे आपल्या भागातल्या बायकांना नवे नाही.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले आणि खडकीच्या सॅपर्सच्या 20 व 21 नंबरच्या कंपन्या फ्रान्सला गेल्या. 28 ऑक्टोबरला न्यू शापेल या गावी त्यांतली पुष्कळ माणसे पडली. त्या नाताळासाठी इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने वर्गणी जमवून शिपायांकरिता पितळी डब्या केल्या होत्या. गोऱ्यांना तंबाखू आणि सिगारेटी. हिंदी शिपायांना खडीसाखर व मसाल्याची डबी. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांच्या वाट्यात सिगारेटी नाहीत. भगिनींनो, ही यादी ज्याने कोणी केली त्याला घरातल्या दहा माणसांची दहा पथ्ये सांभाळण्याची सवय असली पाहिजे!

डबी पोचली, पण घरचे पत्र कोठून यावे? 1911 च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभर बायकांत जेमतेम एक लिहिती-वाचती होती. म्हणजे नवऱ्याला काय सांगायचे ते मास्तरापुढे नाही तर पोस्टमनपुढे, पदर सावरून सांगायचे. परक्या पुरुषाच्या देखत मनातले काय निघणार? म्हैस व्याली, पाऊस बरा, सर्व खुशाल.

तिकडे शिपायाचीही तीच गत. त्याचे पत्रही बहुधा दुसराच कोणी लिही, आणि वर फ्रान्समध्ये बुलोन येथे सरकारी तपासनीस बसलेले. हिंदी पलटणींची पत्रे उघडून वाचायची, उतारे काढायचे, हे त्यांचे काम. ते उतारे लंडनला अजून जपून ठेवले आहेत. शिपाईही काही कमी नव्हते. काळे मिरे म्हणजे आपली माणसे आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशी खूण करून कोण किती उरले ते घरी कळवीत. मिसळणाच्या डब्याची भाषा अशी लढाईत उपयोगी पडली.

मेसोपोटेमियात गेलेल्या पुणे डिव्हिजनचे हाल त्याहून वाईट. तिच्यात मराठा पलटणी होत्या. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत ही फौज कूट गावात कोंडली गेली. शेवटी शेवटी विमानातून अन्न टाकीत, तेही पुरेना. शरण गेल्यावर सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत पडली, आणि त्यांतली कित्येक परत आलीच नाहीत. घरी वाट पाहणाऱ्या बाईने कुंकू लावावे की पुसावे, हे कोणी सांगायचे?

1962 साली चीनने हल्ला केला तेव्हा आपले जवान सुती कपड्यांनी आणि कॅनव्हासच्या बुटांनी बर्फात उभे होते. हे कळल्यावर देशभर बायकांनी लोकरीचे गुंडे घेतले. संरक्षण निधीत बांगड्याही दिल्या, पण मला सुयांचेच जास्त कौतुक वाटते. बांगडी एकदा काढून देता येते, स्वेटरला मात्र रोज बसावे लागते.

1999 साली कारगिलच्या वेळी आमच्या शेजारणीचा नवरा तिकडे होता. तिला लिहिता येत नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच, पण अक्षर बरे, म्हणून पत्रे मी लिहीत असे. पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि '56 एपीओ' एवढेच. माणूस कोणत्या डोंगरावर आहे ते पाकिटावर नसते. दिल्लीचे फौजी टपाल ते बरोबर पोचवते. त्या दिवसांत तिच्या सासूबाईंनी अंथरूण धरले होते. ती म्हणाली, "ताई, आईंचं काही लिहू नका. तिकडं त्यांचं चित्त उडेल." मी लिहिले नाही. शेंगदाण्याचे लाडू केले, मुलाची परीक्षा झाली, गच्ची गळते, असेच चार कागद भरले. सुट्टीवर आल्यावर भाऊ म्हणाले, "पहिल्या पत्रात आई होती, पुढच्या तिन्हीत नाही. तेव्हाच मी समजलो." तरी लाडू सगळ्या तंबूला वाटले म्हणाले.

आता फोनवर बोलणे होते, पण उंचावरच्या चौकीत तोही रोज लागेलसे नाही. यंदा मंडळाच्या राख्यांच्या पाकिटात प्रत्येकीने आपल्या हाताचा एक कागद घालावा. छापील शुभेच्छापत्र नको. गच्ची गळते, भाजी महागली, तेच लिहावे.