पुण्यातील सायकल वाहतूक
एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची ओळख होती. पेठांमधली अंतरे कमी, मध्यवस्तीतील रस्ते बहुतांशी सपाट. त्यामुळे विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक आणि कारखान्यातील कामगार सायकलनेच ये-जा करीत. सायकलवर नगरपालिकेचा कर असे व तो भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला लावावा लागे. रात्री दिव्याविना किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस अडवत. ज्याची स्वतःची सायकल नसे तो दुकानातून तासाच्या भाड्याने आणी. निघण्यापूर्वी ब्रेक आणि हवा तपासणे शहाणपणाचे ठरे. नंतर शहराजवळच्या आकुर्डीत स्कूटरचे उत्पादन सुरू झाले, शहर उपनगरांकडे पसरले, सार्वजनिक बससेवा अपुरी पडली आणि सायकलची जागा दुचाकीने घेतली. पुढे बीआरटीसोबत, म्हणजे जलद बससाठी राखीव मार्गिकांसोबत, सायकल मार्ग बांधले गेले; पण ते सलग नाहीत. कुठे रोहित्र, कुठे टपरी, कुठे पार्क केलेल्या गाड्या आडव्या येतात आणि चौकात तर मार्ग संपतोच, म्हणजे सर्वांत धोक्याच्या जागीच. महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवर चालणाऱ्या भाडे-सायकलींची योजनाही आली; मोडतोड आणि चोऱ्यांमुळे ती फार टिकली नाही.