एकमेकांना हाक देणारे स्मोक अलार्म

घरातल्या एका स्मोक अलार्मला धूर लागला की बाकी खोल्यांतले अलार्मही त्याच्याबरोबर वाजू लागतात, अशा व्यवस्थेला परस्पर जोडलेले अलार्म म्हणतात. जोडणी भिंतीतल्या तारेने करता येते किंवा रेडिओलहरींनी. बंगळुरूत व्हाइटफील्ड, सर्जापूर रोड या भागांत दोन-तीन मजली व्हिला फार वाढले. बांधून झालेल्या अशा घरात तारेसाठी भिंती फोडण्यापेक्षा रेडिओ सोयीचा पडतो. या उपकरणाच्या कहाणीचा पूर्वार्ध धूर ओळखण्याचा आहे आणि उत्तरार्ध झोपलेल्या माणसापर्यंत आवाज पोचवण्याचा. दुसरे काम अधिक अवघड ठरले.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारा संवेदक तयार करत होते. आयनीभूत हवेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहत ठेवायचा, वायू शिरला की तो मंदावेल, अशी त्यांची अटकळ होती. वायूने काही घडले नाही; सिगारेट पेटवल्यावर मात्र मापकाचा काटा उतरला. धुराचे कण आयनांना चिकटून प्रवाह अडवत होते. त्यांचे सहकारी अर्न्स्ट मायली यांनी हा क्षीण संकेत वाढवणारी शीत-कॅथोड नळी बनवली आणि १९४१ साली सेर्बेरस ही कंपनी उभी राहिली. पण ही यंत्रणा महाग होती आणि तिला मोठा विद्युतदाब लागे. ती कारखान्यांत गेली, घरांत नाही.

घरापर्यंतची वाट अमेरिकेत निघाली. अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी समस्थानिक १९४४ साली सापडले होते. त्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे, आणि एका अलार्मला साधारण एक मायक्रोक्युरी पुरते. १९६०च्या दशकात कोलोरॅडोतील ड्युएन पिअरसॉल स्थिर विद्युत घालवणारे यंत्र बनवत असताना त्यांच्याही प्रयोगशाळेत सिगारेटच्या धुरानेच मापक हलवला. त्यातून स्टॅनली पीटरसन यांच्यासह त्यांनी बॅटरीवर चालणारा, सामान्य कुटुंबाला परवडणारा अलार्म घडवला. १९७०च्या दशकात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. त्याच दशकात धुरावरून विखुरणारा प्रकाश टिपणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, प्रकारही बाजारात आला. गादी किंवा सोफा आतल्या आत धुमसत असेल तर हा प्रकार लवकर जागा होतो. घरातल्या जीवघेण्या आगी पुष्कळदा अशाच सुरू होतात.

मग प्रश्न उरला तो आवाजाचा. १९७०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत इंडियाना ड्यून्स येथे पाडायला काढलेल्या खऱ्या घरांत आगी लावून चाचण्या झाल्या आणि प्रत्येक मजल्यावर एक अलार्म हवा, असा निष्कर्ष निघाला. मात्र तळमजल्यावरचा अलार्म वाजला तरी दुसऱ्या मजल्यावर दार लावून झोपलेल्याला तो ऐकू येईलच असे नाही. अलार्मपासून तीन मीटरवर ८५ डेसिबलचा आवाज मिळतो; उशीपाशी ७५ डेसिबल तरी हवा. मध्ये एक स्लॅब आणि एक बंद दार आले की हे गणित चुकते. म्हणून १९८९ साली अमेरिकी मानकाने नव्या घरांत अलार्म एकमेकांना जोडणे आवश्यक केले. २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने जुन्या चाचण्यांशी तुलना केली, तेव्हा भडकत्या आगीतून निसटायला मिळणारा वेळ सुमारे १७ मिनिटांवरून तीनवर आल्याचे दिसले. आजचे फर्निचर फोम आणि कृत्रिम धाग्यांचे आहे आणि ते झपाट्याने पेटते. तीन मिनिटांत वरच्या मजल्याला जाग यायची तर खालच्या धुराची वर्दी वर लगेच पोचलीच पाहिजे.

तारेची जोडणी बांधकामाच्या वेळीच सोपी असते. जुन्या घरांची अडचण रेडिओने सोडवली, पण त्याला बॅटरीची अट होती: संदेश ऐकणारा रिसीव्हर सतत चालू ठेवला तर ती लवकरच संपेल. तोडगा असा की प्रत्येक अलार्म झोपतो, काही सेकंदांनी क्षणभर जागा होऊन कानोसा घेतो आणि पुन्हा झोपतो. धूर लागलेला अलार्म आपला संदेश इतका लांबवतो की प्रत्येकाची जाग त्यात सापडतेच. काही यंत्रणांत ऐकणारा अलार्म तोच संदेश पुढे देतो, त्यामुळे लांबच्या खोलीलाही निरोप मिळतो. शेजारच्या व्हिलातले अलार्म उगाच वाजू नयेत म्हणून प्रत्येक घराच्या गटाला स्वतंत्र संकेतांक असतो.

कायद्याला मात्र दुर्घटनांनीच पुढे ढकलले. ऑस्ट्रेलियात स्लॅक्स क्रीक येथे २०११ साली एका घराच्या आगीत ११ जण गेले; त्यानंतर क्वीन्सलँडने २०१७ पासून जोडलेले अलार्म टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर स्कॉटलंडने १ फेब्रुवारी २०२२ पासून ते सर्व घरांना लागू केले.

बंगळुरूला धुराच्या धोक्याची ओळख २३ फेब्रुवारी २०१० रोजी झाली. जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्समध्ये विजेच्या तारांच्या शाफ्टमधून धूर मजल्यामजल्यावर पसरला आणि नऊ जणांचा बळी गेला. मृतांच्या आप्तांनी ‘बियाँड कार्लटन’ ही संस्था काढून अग्निसुरक्षेचा आग्रह धरला. पण राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत उंच गणली जाते आणि अग्निसुरक्षेचे कडक नियम प्रामुख्याने तिच्यासाठी आहेत. दोन-तीन मजली व्हिला त्याखाली राहतो. भारतात आगीच्या अपघातांत मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक राहत्या घरांत मरतात, हे लक्षात घेता ही उणीव गंभीर आहे. शहरातल्या खिडक्या-बाल्कन्यांना लोखंडी जाळ्या असतात, त्यामुळे बाहेर पडायच्या वाटा कमी होतात. सप्टेंबर २०२१ मध्ये देवरचिक्कनहळ्ळीतील एका सदनिकेच्या आगीत दोन महिला मरण पावल्या; त्यांतली एक बाल्कनीच्या जाळीमागे अडकली होती.

इथल्या घरांत काँक्रीटचे स्लॅब रेडिओलहरींना अडवतात. २.४ गिगाहर्ट्झपेक्षा ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी त्यातून बऱ्या पार होतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त झाला, पुढे तो ८६८ पर्यंत वाढला. अमेरिकेतून परतणारी कुटुंबे तिथले अलार्म सामानात आणतात, पण ते बहुधा ९०० मेगाहर्ट्झच्या वर चालतात. तो पट्टा इथे त्यांच्यासाठी मोकळा नाही. युरोपातील उपकरणेही ८६८च्या किंचित वर असू शकतात. खरेदीआधी हे तपासणे आवश्यक आहे.

स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने अलार्म वाजत राहिला तर लोक तो काढूनच टाकतात, म्हणून तिथे उष्णता ओळखणारा अलार्म बसवून तो इतरांशी जोडावा. देवघरातल्या धूप-उदबत्तीपासून स्मोक अलार्म लांब असावा. दोन मजले उंच हॉल आणि जिना यांच्या माथ्यावर एक असावाच, कारण धूर प्रथम तिथे साठतो. स्कूटर चार्ज होते तिथून घरात येणाऱ्या वाटेवरही एक हवा. दर महिन्याला चाचणीचे बटण दाबले की गटातले सगळे वाजतात की नाही ते कळते. बहुतेक अलार्मचे आयुष्य दहा वर्षांचे असते. आयनीकरणाच्या प्रकारात अमेरिशियम असल्याने तो कचऱ्यात न टाकता पुरवठादाराकडे परत द्यावा.