दिवटी, घासलेट आणि विजेचें मीटर

तुळजापूरच्या भवानीचे गोंधळी दिवटीबरोबर तेलाची बुधली बाळगतात. दिवटी मंद झाली कीं बुधलींतलें तेल तिच्यावर घालावयाचें. बुधली हलकी लागली कीं तेल संपत आल्याचें हातालाच कळावयाचें. धाराशिवच्या बाजूस घरोघरच्या उजेडाचा हिशेब शेंकडों वर्षें असाच हाताच्या अंदाजावर चालत आला. करडई, जवस, तीळ हीं पिकें येथल्या रानांतलीं. तेल गांवच्या घाण्यावरचें. ज्या करडईच्या तेलाची फोडणी दिवसां पडे, तेंच तेल रात्रीं पणतींत जळे. दिवा घटकाभर अधिक ठेवला तर दुसऱ्या दिवशींच्या कालवणांत तेल बेतानें पडे. जेवणें आटोपतांच दिवा शांत करण्याची जी शिस्त जुन्या घरांत होती, तिचें मूळ कंजूषपणांत नव्हतें, या साध्या गणितांत होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आणि पुढें रशियांतून खनिज तेल हिंदुस्थानांत येऊं लागलें. १८९२ सालीं मार्कस सॅम्युएल यांची 'म्युरेक्स' ही तेलवाहू आगबोट सुएझ कालव्यांतून पूर्वेकडे आली, आणि डब्यांऐवजीं सबंध बोटच तेलानें भरून नेण्याची रीत पडली. किनाऱ्यापासून आंत मात्र तें तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतूनच जाई, आणि डबा रिकामा झाला कीं त्याला कडी लावून त्यानें पाणी भरलें जाई. या तेलाच्या नांवाचीही मौज आहे. मुंबईचे रस्ते १८६५ सालीं गॅसच्या दिव्यांनीं उजळले. त्या 'गॅसलाइट'चें मराठींत 'घासलेट' झालें, आणि ज्या खेड्यांनीं गॅसचा दिवा जन्मांत पाहिला नव्हता, त्यांनीं तें नांव दगडी तेलाला देऊन टाकलें! 'रॉकेल' हें त्याचें दुसरें नांव निदान अर्थाला तरी धरून आहे.

घासलेटानें उजेड वाढविला, पण घरच्या अर्थव्यवहारांत एक मोठा फरकही केला. करडईचें तेल रानांतून येत असे. घासलेट बाजारांतून रोख पैसे मोजून आणावें लागे. उजेड ही विकत घ्यावयाची वस्तु झाली ती तेव्हांपासून. तथापि चिमणीच्या किंवा कंदिलाच्या पोटांत तेल किती उरलें, हें हलवून पाहिलें कीं समजे. खर्च अजून डोळ्यांसमोर होता.

विजेनें तो डोळ्यांआड केला. १८८२ सालीं एडिसननें न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवरून घरोघर वीज देण्यास आरंभ केला, तेव्हां त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहिला तो हाच, कीं जी वस्तु दिसत नाहीं आणि जिला वजन नाहीं, ती मोजावी कशी? त्यानें युक्ति काढली. प्रवाहाचा ठराविक अंश जस्ताच्या द्रावणांत बुडविलेल्या जस्ताच्या पट्ट्यांतून जाऊं द्यावयाचा. एका पट्टीवरचें जस्त दुसरीवर जाऊन बसे. ठराविक मुदतीनंतर कंपनीचा मनुष्य येऊन पट्ट्या काढून नेई, तराजूंत तोली आणि वजनांतील फरकावरून बिल तयार होई. गिऱ्हाइकाला यांतलें कांहींच कळत नसे. पुढें १८८९ च्या सुमारास हंगेरींतील ओटो ब्लाथी यानें फिरत्या चकतीचें मीटर बनविलें. घराच्या भिंतीवर कांचेआड गरगर फिरणारी ती चकती याच घराण्यांतली.

धाराशिवकडे वीज सावकाश पसरली. १८८२ सालींच मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले होते. १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें. हा जिल्हा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें, १९६२ सालीं कोयनेची वीज निघूं लागली आणि १९७१ सालीं शेजारच्या बीड जिल्ह्यांत परळी येथें औष्णिक केंद्राचा पहिला संच चालू झाला. २००५ सालीं मंडळाचें विभाजन होऊन घरोघर वीज पोंचविण्याचें काम महावितरण कंपनीकडे गेलें.

वीज आली, पण काटकसरीची संवय मात्र तेलाच्या काळचीच राहिली, आणि येथेंच पुष्कळ घरांचें गणित चुकतें. हजारों वर्षें दिवा हीच जपून वापरावयाची वस्तु होती; सरपणाला तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या फुकट मिळत, म्हणून न्हाणीघरांतल्या बंबाचा हिशेब कोणी ठेवीत नसे. विजेच्या घरांत हें सारें उलटें आहे. हजार वॉटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट होतें. नऊ वॉटचा एलईडी दिवा रोज पांच तास जळला तर महिन्याला सव्वा ते दीड युनिट लागतें. दर युनिटला हिशेबापुरते आठ रुपये धरले, तर हा खर्च सुमारें अकरा रुपये. उलट वीस लिटरची एक बालदी पाणी पंचवीस अंशांनीं तापविण्यास अर्ध्या युनिटाहून अधिक, म्हणजे सुमारें ०.५८ युनिट वीज लागते. उपकरण किंमती घ्या अथवा स्वस्त घ्या, यांत कमी होणें नाहीं. तो पाण्याचा स्वभावच आहे. एवढ्या विजेवर तो दिवा चौसष्ट तास जळेल. पांच माणसांच्या घरांत रोज पांच बालद्या तापल्या तर महिन्याला ८७ युनिटें, म्हणजे जवळजवळ सातशें रुपये झाले. आणि मुलाला बोलणीं बसतात तीं ओसरीवरचा दिवा चालू ठेवल्याबद्दल!

शीतकपाट दिवसरात्र चालतें म्हणून गृहिणीला त्याची धास्ती वाटते. परंतु २००६ पासून अशा यंत्रांवर ताऱ्यांची जी चिठ्ठी लागूं लागली, तिच्यावर वर्षाचीं युनिटें छापलेलीं असतात. वर्षाला दोनशें युनिटांचें यंत्र असेल, तर त्याचा रोजचा खर्च एका बालदीच्या ऊन पाण्याएवढाही नाहीं. याउलट ज्याला 'झिरोचा दिवा' म्हणतात तो जुना लहान बल्ब झिरोचा मुळींच नव्हे. तो बारा ते पंधरा वॉट वीज खातो. जुन्या चकतीच्या मीटरांना इतका बारीक प्रवाह जाणवत नसे, एवढाच काय तो त्याचा पुण्यप्रभाव.

आजच्या मीटरांत चकती गेली आणि मिणमिणणारा तांबडा दिवा आला. दर युनिटाला तो किती वेळ लुकलुकतो, तो आंकडा मीटरवरच छापलेला असतो. पुष्कळांवर तो ३२०० असा आढळतो. घरांतील सर्व उपकरणें बंद करून एकच चालू ठेवावें आणि घड्याळ लावून मोजावें. तीन मिनिटांत सोळा वेळां लुकलुकला, तर तासाला ३२० वेळां, म्हणजे एक दशांश युनिट. अर्थात् तें उपकरण शंभर वॉटचें. चौथी-पांचवीच्या मुलाला जमेल असें हें त्रैराशिक आहे, आणि बुधली हातांत तोलण्याची जी सोय विजेनें हिरावून घेतली, ती यानें थोडीबहुत परत मिळते.

बिलाच्या कागदावर घरगुती गिऱ्हाइकांसाठीं टप्पे असतात: शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढें तीनशेंपर्यंत दुसरा, मग पांचशेंपर्यंत, आणि त्यावर आणखी चढा. शंभराच्या पुढें एक युनिट गेलें कीं सगळेंच बिल चढ्या दरानें लागतें, अशी समजूत पुष्कळ शिकलेल्या घरांतूनही आढळते. ती खरी नाहीं. चढा दर वरच्या युनिटांपुरताच. पण म्हणूनच वांचविलेलें युनिट नेहमीं सर्वांत महागाचें असतें. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, आणि त्यावर शेंकडा सोळा वीज-शुल्क.

जिल्ह्याच्या बाबतींत आणखी एका गोष्टीचा या बिलाशीं संबंध आहे, आणि ती सुखाची नाहीं. येथलीं जुनीं घरें माळवदाचीं होतीं. दीड-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लांकडाच्या तुळया आणि मातीचा जाड थर. वैशाखांतही आंतल्या सोप्यांत दुपारीं घोंगडें टाकून स्वस्थ निजावें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर माणसें गाढ झोपेंत असतां, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर या टापूंत हजारों माणसें त्याच भिंतींखालीं आणि त्याच मातीखालीं गेलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसलीं. दगडी घराचें नांव काढतांच अंगावर कांटा येई. अशा लोकांनीं पातळ भिंती आणि सिमेंटचें छत पत्करलें, अनेकांनीं नुसते पत्रे घातले. त्यांना दोष देणारा मनुष्य त्या पहाटे तेथें नव्हता, एवढेंच म्हणतां येईल.

मात्र उन्हाळ्याचें जें ओझें पूर्वीं माती उचलीत होती, तें आतां पंख्यावर पडलें. नेहमींचा पंचाहत्तर वॉटचा पंखा दिवसांतून पंधरा तास फिरला तर महिन्याला जवळजवळ चौतीस युनिटें. तीन खोल्यांचे तीन पंखे मिळून शंभराचा पहिला टप्पा संपून जातो, आणि दिवा, शीतकपाट, पाण्याची मोटर यांचें सारें दुसऱ्या टप्प्यांत पडतें. नव्या धर्तीचे तीस-पस्तीस वॉटचे पंखे निघाले आहेत. ते महाग असले तरी येथल्या लांबलचक उन्हाळ्यांत वरचे पैसे दोन-तीन वर्षांत भरून येतात. आणि ज्यांना तेवढाही खर्च झेपत नाहीं, त्यांनीं फाल्गुन सरतां सरतां छतावर चुन्याचे दोन हात मारून घेतले, तर खालची खोली बरीच निवते.