‘मॅड्रिगल’ या शब्दावरची तळटीप

* उंबरमाळी (ता. शहापूर, खर्डी आणि कसारा यांच्यामधले स्थानक) परिसरात भातलावणीला बायका म्हणतात त्या गाण्यांना लेखकाने ‘आमचे मॅड्रिगल’ म्हटले आहे. शब्द ठेवला, पण थोडा खुलासा हवा. मॅड्रिगल मूळचे इटलीचे. १५८८मध्ये लंडनला ‘म्युझिका ट्रान्साल्पिना’ हा इंग्रजी शब्दांतला संग्रह निघाला आणि तिथे त्याचे वेडच लागले. लेखकाच्या मनात असलेला संगीतकार जॉन विल्बी (१५७४–१६३८) सफकमधल्या हेनग्रेव्ह हॉल या वाड्यात किटसन कुटुंबाच्या पदरी होता. त्याचे मॅड्रिगलांचे दोनच संग्रह, १५९८ आणि १६०९चे. देवळासाठी त्याने फारसे काही रचले नाही; विषय प्रेमाचे, विरहाचे, उदासीचे. तीन ते सहा गळे, प्रत्येकाची चाल वेगळी आणि प्रत्येकापुढे फक्त आपल्याच आवाजाची वही. एकाने उचललेली ओळ दुसरा जरा मागाहून धरतो, आणि ‘उतरणे’ हा शब्द आला की सूरही खाली येतात.

लावणीच्या गाण्यात असे नसते. एक बाई ओळ सांगते, बाकीच्या तीच चाल झेलतात. वही कुठली, हात चिखलात. साम्य एवढेच, की दोन्हीकडे श्रोता वेगळा बसलेला नसतो, गाणारेच ऐकणारे. लेखकाला बहुधा तेच म्हणायचे असावे. जाणकारांना मात्र विल्बीपेक्षा जात्यावरची ओवी इथे जवळची वाटेल. (संपा.)