‘पुरे’ आणि ‘नको’

‘ऑपरेशन’ एवढे म्हटले तरी आपल्याकडच्या बायकांना कोणते ते कळते; टाक्याचे की बिनटाक्याचे, इतकेच विचारायचे उरते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रिया नसबंदीवर विसंबून होत्या. पुरुष नसबंदीचा वाटा ०.३ टक्के. इतक्या परिचयाच्या विषयात नवे काय, असे वाटून वाचणे थांबवू नका. ‘पाळणा थांबवणे’ हा शब्दप्रयोग एकदा नीट ऐका. थांबायला तो आधी हललेला असावा लागतो. ‘मुलं पुरे’ म्हणणारीसाठी आपण शिबिरे भरवली, मोबदला ठरवला. ‘मूल नकोच’ म्हणणारी त्या रांगेत कुठे उभी राहणार?

केंद्र सरकारच्या २००६ च्या मानकांनुसार शस्त्रक्रियेसाठी स्त्रीचे लग्न झालेले हवे आणि वर्षाहून मोठे किमान एक मूल हवे. वैद्यकीय कारण असेल तरच सूट. नवऱ्याची संमती मात्र लागत नाही. तिची एकटीची सही पुरते, पण आई झाल्यावर. अमेरिकेत साठच्या दशकात डॉक्टर वयाला मुलांच्या संख्येने गुणत आणि उत्तर १२० भरले तरच होकार देत. तिशीतल्या बाईला चार मुले हवीत. मूल नसलेलीचे उत्तर कोणत्याही वयात शून्यच.

डॉक्टरांना धास्ती असते पश्चात्तापाची, आणि ती निराधार नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात, तिशीपर्यंत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २०.३ टक्के स्त्रियांनी चौदा वर्षांत कधी ना कधी खंत बोलून दाखवली, तिशीनंतरच्यांत ५.९ टक्के. तरुण मुलीशी सावकाश बोलावे, तांबीसारखे काढता येणारे उपाय समजावावेत, हे मला पटते. पण समजावणे म्हणजे परत पाठवणे नव्हे.

याच विषयाची दुसरी बाजू छत्तीसगडमधल्या बिलासपूरची. तिथे नोव्हेंबर २०१४ मध्ये शिबिरांतल्या शस्त्रक्रियांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. घाईने टेबलावर घेतलेली आणि दारातून परत पाठवलेली, या दोघींना एकत्र वाचल्याशिवाय संमती म्हणजे काय ते उलगडत नाही, असे मला मनापासून वाटते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. मुंबईत १९२१ साली संततिनियमन केंद्र काढणारे र. धों. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचे ठरवले होते. नव्या अभ्यासकाने तिथून निघावे आणि आजच्या दवाखान्यात येऊन बसावे. ‘उद्या नवऱ्याला मूल हवं झालं तर?’ हा प्रश्न किती वेळा विचारला जातो, ते मोजावे.